लाइपझिगमध्ये तीन दिवस, आणि सोमवारी संध्याकाळी पाच वाजता

आईबाबा पुण्याहून दोन महिने माझ्याकडे फ्रँकफर्टला आले की पॅरिस झालं पाहिजे, स्वित्झर्लंड झालं पाहिजे, ते सगळं मागच्या खेपेला करून झालं होतं. ह्या वेळी मी म्हटलं की आता मला जिथे जायचंय तिथे जाऊ. पुण्यात मॅक्समुल्लर भवनला जर्मन शिकत होते तेव्हा आमच्या बाईंनी एकदा एक फोटो दाखवला होता, रात्रीची वेळ, रुंद रस्ता, आणि रस्ता दिसतच नाही इतकी माणसं, बऱ्याच जणांच्या हातात मेणबत्त्या. खाली लिहिलेलं, लाइपझिग, १९८९. बर्लिनची भिंत पडली ती सगळ्यांना माहिती असते, पण त्याच्या बरोब्बर एक महिना आधी ह्या शहरात काय झालं ते कोणी सांगत नाही, आणि मला तर वाटतं भिंतीची पहिली वीट इथेच निघाली. बाबांना मी एवढंच सांगितलं की संगीतकार बाखचं गाव आहे. बाबा रिटायर्ड गणिताचे मास्तर, पण घरात पेटी रोज, आजोबा नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे, त्यामुळे बाख म्हटल्यावर पुढे काही पटवावं लागलं नाही.

सोमवार धरून रजा काढली, कारण सोमवार हवाच होता. का ते पुढे येईल.

दिवस पहिला, शनिवार

फ्रँकफर्टहून ट्रेनने साधारण तीन तास. सप्टेंबरचा शेवट, हवा छान, आईने पोळीभाजीचा डबा घेतलेला. उतरलो आणि स्टेशनच बघत बसलो. १९१५ साली पूर्ण झालेलं, समोरची भिंत जवळजवळ ३०० मीटर लांब, आणि आत शिरायला एकासारखे एक असे दोन भव्य हॉल. दोन का, तर तेव्हा अर्धं स्टेशन प्रशिया ह्या जर्मन राज्याच्या रेल्वेचं आणि अर्धं सॅक्सनीच्या, म्हणजे हे शहर ज्या राज्यात आहे त्याच्या, मग दोघांना आपापला दरवाजा. बाबा म्हणाले अगं म्हणजे वाड्याची वाटणी झाल्यासारखं. तसंच.

हॉटेलात सामान टाकून चालत जुन्या गावात. हे एक फार बरंय, जुनं लाइपझिग एका रिंगरोडच्या आत मावतं, एकूण रिंग साडेतीन किलोमीटरच्या आसपास, कुठूनही कुठेही पंधरा मिनिटांत. हे शहर राजाचं नव्हे, राजा ड्रेस्डेनला, हे व्यापाऱ्यांचं आणि विद्यापीठाचं गाव. दोन मोठे जुने व्यापारी रस्ते इथे एकमेकांना छेदतात, बादशहा माक्सिमिलियनने १४९७ आणि १५०७ मध्ये इथल्या जत्रेला, म्हणजे मेसेला, खास अधिकार दिले आणि मग शेकडो वर्षं युरोपभरचा माल इथे यायचा. माल आला की बातमी येते, आणि बातमी आली की छपाई येते. जगातलं पहिलं दैनिक वर्तमानपत्र १६५० मध्ये इथेच निघालं, पुस्तकांचा धंदा तर इतका की १९४३ च्या ४ डिसेंबरला बाँब पडले तेव्हा प्रकाशकांची आख्खी पेठच्या पेठ पुस्तकांसकट जळाली. हे मी चालता चालता बाबांना सांगत होते आणि आई दुकानांच्या बोळांमधून पुढे गेलेली, हे बोळ म्हणजे इथली खासियत, छपराखालच्या गल्ल्या, व्यापारी माल मांडायचे त्या. त्यातल्या मेडलर पॅसेजमध्ये जमिनीखाली आउअरबाखचं तळघर आहे, जर्मन कवी ग्योथं इथे विद्यापीठात होता १७६५ ते १७६८, तेव्हा तो इथे यायचा आणि पुढे त्याने फाउस्ट ह्या नाटकात एक आख्खा प्रवेश ह्याच तळघरात घातला. बाहेर फाउस्ट आणि सैतानाचे ब्राँझचे पुतळे, फाउस्टच्या बुटाला हात लावला की नशीब उजळतं म्हणतात, तो बूट माणसांच्या हातांनी पिवळाधमक झालाय. आईने लावला हात, पाया पडल्यासारखा.

जुन्या नगरपालिकेच्या, म्हणजे आल्टेस राटहाउसच्या बाजूला एक छोटी गल्ली लागते तिथे मी मुद्दाम खाली बघत चालले होते आणि सापडलं. फरसबंदीत बसवलेले ब्राँझचे रणगाड्याच्या पट्ट्याचे ठसे. १७ जून १९५३, पूर्व जर्मनीभर कामगार रस्त्यावर उतरले आणि सोव्हिएत रणगाड्यांनी ते चिरडलं, लाइपझिगमध्येही माणसं मेली. लोक त्यावरून आइस्क्रीम खात चाललेले, दिसतसुद्धा नाही पटकन. बाबा वाकून बघत राहिले आणि चप्पल बाजूला काढून ठेवू का असं त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. हे ठसे लक्षात ठेवा, कारण १९८९ मध्ये दर सोमवारी जे लोक इथे रस्त्यावर उतरत होते त्यांच्या डोक्यात हेच होतं, आणि शिवाय त्याच वर्षी जूनमध्ये बीजिंगला निदर्शकांवर रणगाडे घातले तेही त्यांनी टीव्हीवर बघितलेलं.

तीन वाजता थॉमास चर्च. शनिवारी दुपारी तिथे मोटेट असते, म्हणजे गायन आणि छोटीशी प्रार्थना, अगदी थोड्या पैशांत कार्यक्रमाचा छापील कागद घ्यायचा आणि आत जाऊन बसायचं. ह्या चर्चचा मुलांचा कोरस, थॉमानर, १२१२ सालापासून आहे. १२१२, आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगायला अजून ७८ वर्षं होती! बाख १७२३ ला इथे आला, ह्या पोरांना शिकवायला, आणि १७५० मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. २७ वर्षं. दर रविवारी नवं काहीतरी बसवायचं, शाळेत शिकवायचं, नगरपालिकेशी पैशांवरून आणि पोरांच्या दर्जावरून भांडायचं. तो काही दरबारी कलावंत नव्हता इथे, नगरपालिकेचा नोकर होता, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, की ह्या शहरात संगीत राजाने पाळलेलं नाही, गावाने पगार देऊन ठेवलेलं आहे.

चर्च खचाखच. आवाज आला तो मागून, वरच्या सज्ज्यातून, गाणारे दिसतच नाहीत. बाबांनी मान वळवून बघितलं नाही, डोळे मिटून बसले. एका ठिकाणी सगळ्यांनी उठून एक साधं भजन म्हणायचं होतं, त्याची सुरावट कागदावर छापलेली होती, आजूबाजूचे म्हातारे जर्मन पुस्तक न बघता म्हणत होते. बाबांना ती पाश्चात्त्य पद्धतीची रेघांची लिपी वाचता येत नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कागदाच्या पाठीवर सारेगम लिहायला सुरुवात केली, ऐकत ऐकत, दुसऱ्या कडव्याला दुरुस्त्या, तिसऱ्या कडव्याला पूर्ण. शेजारच्या आजी बघत होत्या. संपल्यावर त्यांनी मला विचारलं की हे काय लिहिलंय, मी म्हटलं सूर आहेत, आमच्या लिपीत. त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि बाबांना काहीही न बोलता हात मिळवला.

बाखची कबर आत वेदीपुढे, जमिनीत ब्राँझची पाटी, फक्त नाव. आधी तो गावाबाहेरच्या दफनभूमीत होता, दगडसुद्धा नव्हता, १८९४ मध्ये हाडं शोधून काढली आणि १९५० मध्ये इथे आणून ठेवली. बाहेर त्याचा मोठा पुतळा आहे, आणि जवळ जाऊन बघा, कोटाचा एक खिसा उलटा बाहेर आलेला आहे, रिकामा. पुतळा करणाऱ्याने मुद्दाम तसा केलाय असं सांगतात, पैशांची चणचण दाखवायला.

दिवस दुसरा, रविवार

सकाळी ट्रामने फोल्करश्लाख्ट, म्हणजे राष्ट्रांच्या लढाईच्या, स्मारकाला. ऑक्टोबर १८१३ मध्ये, १६ ते १९ तारखेला, लाइपझिगच्या भोवती नेपोलियनविरुद्ध रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया आणि स्वीडन असं युद्ध झालं, दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ ६ लाख सैनिक होते. पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपात एवढी मोठी लढाई झाली नव्हती. नेपोलियन हरला. सॅक्सनीचा राजा नेपोलियनच्याच बाजूने होता, म्हणजे गावचा राजा हरणाऱ्या बाजूला आणि गाव मध्ये सापडलेलं. रोगाची साथ आली, संगीतकार रिचर्ड वाग्नर त्याच वर्षी मेमध्ये ह्याच गावात जन्मला होता, त्याचे वडील नोव्हेंबरात त्या साथीत गेले.

स्मारक शंभर वर्षांनी, १९१३ ला पुरं झालं, ९१ मीटर उंच, काळपट दगडाचा डोंगरच. उद्घाटनाला जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध. मला खरं सांगायचं तर ते आवडलं नाही. आत चार अवाढव्य मूर्ती बसलेल्या, खाली तळघरात मान खाली घातलेले दगडी सैनिक, सगळं इतकं जड की छातीवर येतं. बाबांचा गुडघा दुखतो म्हणून वर मी एकटीच गेले, साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत, शेवटी जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. वरून शहर सपाट दिसतं, खूप हिरवं. खाली आले तर आई म्हणाली, एवढा दगड घातला पण एकाचंही नाव नाही गं कुठे, मेलेल्यांचं. मी काही बोलले नाही, मलाही तेच वाटत होतं.

दुपार मात्र विसरणार नाही. संगीतकार मेंडेल्सनचं घर आहे, जिथे तो १८४७ मध्ये वारला, अवघ्या ३८ व्या वर्षी. हा माणूस १८३५ मध्ये लाइपझिगला गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचा प्रमुख म्हणून आला. गेवांड म्हणजे कापड, कापडवाल्या व्यापाऱ्यांच्या हॉलमध्ये कार्यक्रम व्हायचे म्हणून नाव गेवांडहाउस, नावातसुद्धा राजा नाही बघा. बाख तोवर लोक विसरत चालले होते, मेंडेल्सनने विशीत बर्लिनला त्याचं मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या मरणाची गायलेली कथा, पुन्हा उभं केलं, मग इथे येऊन स्वतः कार्यक्रम करून पैसे जमवले आणि थॉमास चर्चजवळ बाखचं पहिलं स्मारक बांधलं, १८४३ मध्ये. त्याच वर्षी जर्मनीतलं पहिलं संगीत महाविद्यालय काढलं. घराच्या तळमजल्यावर एक खोली आहे तिथे तुम्ही कंडक्टर होऊ शकता, एकेक वाद्याचा एकेक उभा खांब, त्यातून तेवढ्याच वाद्याचा आवाज येतो, तुम्ही काठी हलवाल तशी लय. बाबांनी काठी घेतली. पहिल्यांदा घाईत गेलं सगळं, मग त्यांनी लय धरली, विलंबितात घेतली, आणि बासरीचा आवाज येतो त्या खांबाकडे बघत हात असा हळू उचलला की मागे उभी असलेली शाळकरी पोरं गप्प झाली.

आता दुसरी बाजू. मेंडेल्सनचं घराणं ज्यू. तो स्वतः लहानपणीच ख्रिस्ती झालेला, पण नाझींना त्याचं काय. गेवांडहाउससमोर त्याचा पुतळा होता १८९२ पासूनचा. लाइपझिगचा महापौर होता कार्ल ग्योर्डेलर, तो पुतळा काढायला तयार नव्हता. १९३६ च्या नोव्हेंबरात तो परदेशी गेला असताना, ९ आणि १० तारखेच्या मधल्या रात्री, नाझींनी पुतळा उखडला. ग्योर्डेलर परत आला, पुतळा परत बसवा म्हणाला, कोणी ऐकेना, त्याने राजीनामा दिला. त्याच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, पण एका संगीतकाराच्या पुतळ्यावरून महापौरपद सोडणारा माणूस मी दुसरा ऐकलेला नाही. पुढे तो हिटलरविरुद्धच्या कटात होता आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याला मारलं. पुतळ्याची हुबेहूब प्रत २००८ मध्ये थॉमास चर्चसमोर उभी केली, तिथे संध्याकाळी गेलो. आधी गोटशेडश्ट्रासवर थांबलो. तिथे मोठं सिनेगॉग होतं, १९३८ च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री जाळलं. आता तिथे रिकामी जागा आणि जागेवर १४० ब्राँझच्या खुर्च्या, ओळीने, प्रार्थनेला बसल्यासारख्या. साध्या खुर्च्या. त्यावर कोणी बसत नव्हतं. आई एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, पलीकडे कॅफेत लोक जेवत होते, मुलं सायकली चालवत होती.

रात्री हॉटेलात पोचल्यावर आई म्हणाली, काल सगळं बघून छान वाटलं, आज नाही. मी म्हटलं उद्यापर्यंत थांब.

दिवस तिसरा, सोमवार

सकाळी आउगुस्टुसप्लाट्स. मोठ्ठा चौक, एका बाजूला ऑपेरा, समोर नवं गेवांडहाउस, मध्ये विद्यापीठ. विद्यापीठ १४०९ चं. गणितज्ञ लायब्निट्स ह्या गावचा, आंगेला मेर्केल इथे भौतिकशास्त्र शिकल्या, आणि आपल्या मॅक्स मुल्लरनेही संस्कृत इथेच गिरवलं, १८४१ पासून, हेर्मान ब्रॉकहाउसकडे. त्याचं हितोपदेशाचं जर्मन भाषांतर १८४४ ला लाइपझिगलाच छापलं गेलं. बाबांना हे फार भारी वाटलं, म्हणाले म्हणजे तू ज्याच्या नावाच्या इमारतीत शिकलीस तो इथे शिकला आणि तू त्याच्या गावात आम्हाला घेऊन आलीस.

विद्यापीठाच्या नव्या इमारतीचा दर्शनी भाग चर्चसारखा दिसतो, पण जरा वाकडा, ढळल्यासारखा. त्याचं कारण आहे. इथे खरंच एक चर्च होतं, पाउलिनर, तेराव्या शतकातलं, युद्धात बाँबमधूनही वाचलेलं. कम्युनिस्ट सरकारला समाजवादी चौकात चर्च नको होतं, ३० मे १९६८ ला सुरुंग लावून पाडलं. लोक रडत बघत होते. आणि मग तीन आठवड्यांनी जे झालं ती माझी ह्या शहरातली सगळ्यात आवडती गोष्ट. २० जूनला आंतरराष्ट्रीय बाख स्पर्धेचा समारोप होता, हॉल भरलेला, परदेशी पाहुणे, मंत्री. अचानक स्टेजच्या वरून एक मोठं कापड उलगडून खाली आलं, त्यावर त्या चर्चचं चित्र आणि लिहिलेलं, आम्ही मागणी करतो, चर्च पुन्हा बांधा. काही तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी ते गुंडाळून वर बसवलं होतं आणि त्याला गजराचं घड्याळ जोडलं होतं, ठरल्या वेळेला आपोआप सुटेल असं. टाळ्या वाजल्या, बराच वेळ. सरकारने माणसं शोधली, तुरुंगात टाकली. पण बाखच्या कार्यक्रमातच ते केलं ना, कारण तिथेच गावातले लोक जमतात.

आता गेवांडहाउस. ही इमारत १९८१ ची, पाठपुरावा करून बांधून घेतली ती तेव्हाचे प्रमुख कंडक्टर कुर्ट माझूर ह्यांनी. आता नाव लक्षात ठेवा. १९८९ च्या जूनमध्ये काही तरुणांनी परवानगी नसताना रस्त्यावर गायनवादनाचा उत्सव केला, पोलिसांनी वाजवणाऱ्या पोरांना ट्रकात भरून नेलं. माझूर गप्प बसले नाहीत, ऑगस्टच्या शेवटी त्यांनी ह्या रस्त्यावरच्या वादकांना गेवांडहाउसमध्ये बोलावलं, अधिकाऱ्यांनाही बोलावलं, आणि उघड चर्चा घडवून आणली. सरकारी मानमरातब असलेला, जगभर फिरणारा माणूस, त्याला काय गरज होती. पण म्हणूनच ऑक्टोबरात त्यांचा आवाज लोकांनी ऐकला असं माझं ठाम मत आहे.

मग रुंडे एके, म्हणजे गोल कोपरा, श्टाझीचं, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, जिल्हा मुख्यालय. आता संग्रहालय आहे. आत जसंच्या तसं ठेवलंय, पिवळट वॉलपेपर, लिनोलियमची जमीन, तोच वास असावा असं वाटतं. पत्रं वाफेवर उघडायची यंत्रं, उघडून परत चिकटवायची यंत्रं, नकली मिशा आणि विग, आणि काचेच्या बरण्या, लोणच्याच्या बरण्या असतात तशाच, आत पिवळं फडकं, ज्यांच्यावर संशय त्यांच्या अंगाचा वास फडक्यात धरून ठेवायचा, कुत्र्यांना हुंगवायला. श्टाझीचे पगारी नोकर शेवटी ९१ हजार होते, खबरे वेगळे. आईला बरण्यांचं काही केल्या पटेना. बाबा मात्र पत्रांच्या यंत्रासमोर थांबले. आणीबाणीत त्यांचे काका येरवड्याला होते, तिथून येणारी पत्रं उघडलेली यायची, हे मी लहानपणापासून ऐकलंय. बाबा म्हणाले, तिथे निदान शिक्का मारायचे गं, की उघडलंय म्हणून. इथे कळूसुद्धा द्यायचं नाही.

पावणेपाचला निकोलाय चर्च. दारावर पाटी, सगळ्यांसाठी उघडं. आत गेल्यावर अंधाराची सवय असलेले डोळे दिपतात, कारण खांब ताडाच्या झाडासारखे, फिकट गुलाबी आणि पांढरे, वर हिरवी पानं फुटलेली. बाखचं जॉन पॅशन पहिल्यांदा इथे गायलं गेलं, १७२४ च्या गुड फ्रायडेला. आणि १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता इथे शांतीची प्रार्थना होते. आजही होते. म्हणून सोमवार हवा होता.

ऐंशीच्या दशकात ज्यांना देश सोडायचाय, ज्यांना बोलायचंय, ज्यांना कुठेच जमायची परवानगी नाही ते सगळे इथे यायला लागले, देवाला मानणारे न मानणारे. पाद्री होते क्रिस्टियान फ्युरर, नेहमी निळं जिनचं जॅकेट घालायचे. ४ सप्टेंबर १९८९ ला प्रार्थनेनंतर बाहेर दोन तरुणींनी फलक धरला, मोकळ्या माणसांचा मोकळा देश हवा म्हणून, श्टाझीच्या माणसांनी तो हिसकावला आणि नेमकी मेसे चालू असल्यामुळे पश्चिमेचे कॅमेरे तिथे होते. जत्रेने पुन्हा काम केलं बघा. मग दर सोमवारी माणसं वाढत गेली. ७ ऑक्टोबरला पूर्व जर्मनी ह्या देशाचा ४० वा वर्धापनदिन, त्या दिवशी मारहाण, धरपकड. त्याच्या आदल्या दिवशी पेपरात पत्र आलेलं की गरज पडली तर हातात शस्त्र घेऊनही हे थांबवू.

आणि ९ ऑक्टोबर, सोमवार. शहरात हजारो पोलीस आणि सैनिक, हॉस्पिटलांना रक्ताचा साठा करून ठेवायला सांगितलेला, नोकरदार आईबापांना पोरं लवकर घरी न्या असं सांगितलेलं. चर्चमध्ये लोक येऊ नयेत म्हणून सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने आपली शेकडो माणसं दुपारीच आत आणून बसवली. ती बसली, आणि त्यांना प्रार्थना ऐकावी लागली, शत्रूवर प्रेम करा वगैरे. चार चर्चमध्ये एकाच वेळी प्रार्थना होती. संपताना सगळीकडे एक निवेदन वाचलं, आणि संध्याकाळी शहरात खांबांवर जे कर्णे होते त्यांच्यावरून तेच माझूर ह्यांच्या आवाजात. सहा जणांनी मिळून केलेलं, माझूर, एक धर्मशास्त्राचे प्राध्यापक, एक विनोदी कलाकार आणि पक्षाचे तीन जिल्हा सचिव. त्यात होतं की आपल्या देशात मोकळेपणाने विचारांची देवाणघेवाण हवी, आणि कळकळीची विनंती आहे की शांत राहा, म्हणजे संवाद शक्य होईल.

दारं उघडली तेव्हा बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. ७० हजार माणसं. हातात मेणबत्त्या, आणि फ्युरर म्हणायचे तसं मेणबत्तीला दोन हात लागतात, एकाने धरायची आणि दुसऱ्याने वाऱ्यापासून सांभाळायची, मग दगड धरायला हात उरत नाही. हिंसा नको, आम्हीच जनता, असं म्हणत आख्ख्या रिंगरोडवरून गेली, श्टाझीच्या गोल कोपऱ्यावरूनही. गोळी सुटली नाही. एकही नाही. एका चर्चच्या मनोऱ्यावर दोन तरुण लपून चित्रीकरण करत होते, फिल्म चोरून पश्चिम बर्लिनला गेली आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर देशाने बघितली. पुढच्या सोमवारी लाखाच्या वर लोक, १८ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा होनेकर पायउतार झाले, ९ नोव्हेंबरला भिंत. ४ डिसेंबरला, सोमवारीच, लोक गोल कोपऱ्यात शिरले आणि फाइली फाडणं थांबवलं.

आमच्या सोमवारी चर्चमध्ये पन्नासेक माणसं असतील. युद्धांविषयी, निर्वासितांविषयी प्रार्थना झाली, मग सगळे उठून गायले. आणि ते शनिवारचंच भजन होतं! बाबांनी शर्टाच्या खिशातून तो घडी घातलेला कागद काढला आणि शब्द येत नाहीत तर सारेगमच, अगदी हळू आवाजात, गायले. आई माझ्याकडे बघायला लागली.

बाहेर अंगणात आतल्यासारखाच एक ताडाचा खांब उभा केलाय, चर्चमधला एक खांब लोकांबरोबर बाहेर आला असं सांगणारा. तिथून आम्ही रिंगवरून चालायला लागलो, स्टेशनच्या बाजूने. ट्राम, गाड्या, सोमवारची घरी जायची गर्दी. बाबांचा गुडघा दुखतच होता, म्हटलं ट्राम घेऊ, नको म्हणाले. मनोऱ्यावर कॅमेरा होता ते चर्च आलं, गोल कोपरा आला. तिथे बाकावर बसल्यावर मी मोबाइलवर माझूर ह्यांचं ते निवेदन लावलं, आहे ते रेकॉर्डिंग, मिनिटभराचंसुद्धा नसेल. बाबा म्हणाले परत लाव. मग म्हणाले सांग, एकेक वाक्य. मी थांबवत थांबवत सांगितलं आणि त्यांनी तो कागद गुडघ्यावर ठेवून सारेगमच्या खाली मराठीत लिहून घेतलं, शेवटची ओळ लिहिताना रस्त्यावरचे दिवे लागले.

आईबाबा पुण्याला परत गेले त्याला आता तीन आठवडे झाले. काल व्हिडिओ कॉल केला तर बाबा पेटीवर बसलेले, कागद समोर टेकवलेला. म्हणाले ऐक, काळी दोनला बसतंय ते.